दोन भिंगांचा कॅमेरा : नवा घ्यावा की जुना?

१/
होमाई व्यारावाला यांचा विषय निघाला की त्यांच्या रोलायफ्लेक्सचाही निघतो, आणि मग कोणीतरी हमखास विचारते : असा दोन भिंगांचा कॅमेरा आज घ्यायचा झाल्यास नवा घ्यावा की जुना? प्रश्न खरेदीचा वाटतो. उत्तर मात्र शंभर वर्षांच्या इतिहासात आहे. गेल्या वर्षी हा निर्णय मला स्वतःसाठी घ्यावा लागला. दोन वर्षांत साठवलेले चाळीस हजार रुपये हाताशी होते आणि ते एकदाच खर्च होणार होते. त्या निमित्ताने जे वाचले, तपासले आणि हाताळले ते या धाग्यात क्रमाने मांडते. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
आधी यंत्र समजून घेऊ. ‘ट्विन-लेन्स रिफ्लेक्स’, म्हणजेच टीएलआर, ही एक उभट पेटी असते. तिच्या दर्शनी बाजूस एकाखाली एक अशी दोन भिंगे असतात. खालचे भिंग छायाचित्र घेते. त्याच्याच काचांमध्ये शटर आणि भिंगाच्या मागे फिल्म. वरचे भिंग केवळ पाहण्यासाठी असते. त्यातून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो आणि वरच्या दुधी काचेवर चित्र उमटते. दोन्ही भिंगे एकाच पट्टीवर बसवलेली असल्यामुळे ती एकत्रच पुढेमागे सरकतात. वर चित्र स्पष्ट झाले, की खाली फिल्मवरही ते स्पष्टच उमटणार, एवढा साधा हा हिशेब आहे.

३/
या रचनेचे परिणाम मात्र साधे नाहीत. आरसा स्थिर असल्याने शटर उघडण्याच्या क्षणीही चित्र डोळ्यांपुढून जात नाही. आवाज अगदी हलका होतो. काचेवरचे चित्र सुलटे दिसते, पण डावे-उजवे बदललेले असते. चालणारा माणूस उजवीकडे निघाला, की काचेवर तो डावीकडे जातो. आणि सर्वांत महत्त्वाचे : छायाचित्रकार कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून पाहतो. समोरच्या माणसावर तो डोळा रोखत नाही. छायाचित्रणाच्या इतिहासात या वाकलेल्या मानेचे महत्त्व मोठे आहे. त्याकडे पुढे येऊ.

४/
दोन भिंगांची कल्पना विसाव्या शतकातली नव्हे. १८८० च्या दशकातच इंग्लंडमध्ये असे कॅमेरे बनत होते. पण ते काचेच्या प्लेटवर चित्र घेणारे, आकाराने अवाढव्य आणि वजनाने भारी होते. कल्पना चांगली आणि साधन गैरसोयीचे, अशी ही अवस्था जवळजवळ चाळीस वर्षे टिकली. ती बदलली जर्मनीतील ब्राउनश्वाइग या शहरात.

५/
पहिले महायुद्ध संपून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. फोइग्टलँडर या जुन्या कंपनीत काम केलेला कुशल तंत्रज्ञ राइनहोल्ड हायडेके आणि व्यापाराची जाण असलेला पाउल फ्रांके यांनी १९२० मध्ये ‘फ्रांके अँड हायडेके’ ही भागीदारी सुरू केली. खंदकातून डोके वर न काढता छायाचित्र घेता यावे, म्हणून हायडेकेला वरून पाहण्याचा कॅमेरा सुचला, अशी एक कथा सांगतात. कथा सुंदर आहे. ती कथा म्हणूनच घ्यावी. कागदावर दिसणारा मार्ग वेगळा आणि अधिक रंजक आहे.

६/
या कंपनीचे पहिले उत्पादन ‘हायडोस्कोप’ हा त्रिमितीय छायाचित्रांचा कॅमेरा होता. त्याला एका ओळीत तीन भिंगे असत : दोन्ही टोकांची दोन चित्र घेण्यासाठी, मधले पाहण्यासाठी. पुढे त्याचीच रोल फिल्मवर चालणारी आवृत्ती आली, तिचे नाव ‘रोलायडोस्कोप’. आता त्या तीन भिंगांतले एक मनातल्या मनात काढून टाका आणि उरलेली दोन उभी करा. हाच रोलायफ्लेक्स. १९२९ मध्ये तो बाजारात आला. ‘रोलाय’ हे नाव रोल फिल्म आणि हायडोस्कोप या दोहोंच्या संयोगातून आले. आपल्याकडे स्टुडिओवाले त्याला सर्रास ‘रॉलीफ्लेक्स’ म्हणत.

७/
खरेदीसाठी उपयोगी पडणारा इतिहासाचा पहिला धडा येथेच आहे. १९२९ च्या मूळ रोलायफ्लेक्समध्ये ११७ क्रमांकाचा रोल लागे आणि त्यावर सहाच चित्रे येत. तो रोल पुढे बंद पडला. १९३२ च्या सुधारित कॅमेऱ्याने १२० क्रमांकाचा रोल स्वीकारला. त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरची बारा चौकोनी चित्रे येतात. १२० चा रोल कोडॅकने १९०१ मध्ये आपल्या एका ब्राउनी कॅमेऱ्यासाठी काढला होता आणि तो आजही तयार होतो. कॅमेऱ्याचे आयुष्य त्याच्या पोलादावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच त्याला लागणाऱ्या फिल्मवर. म्हणून जुना कॅमेरा पाहताना पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीचा?’ हा नसून ‘कोणता रोल लागतो?’ हा असावा.

८/
१९३२ च्या कॅमेऱ्यातच रोल पुढे सरकवण्यासाठी बाजूला फिरता दांडा आला. १९३७ च्या ‘ऑटोमॅट’मध्ये यंत्रालाच रोलची सुरुवात कळू लागली, मागच्या लाल खिडकीतून आकडे वाचण्याची गरज संपली. दरम्यान, १९३३ मध्ये कंपनीने ‘रोलायकॉर्ड’ हा स्वस्त भाऊ बाजारात आणला. दांड्याऐवजी फिरकी, काहीसे साधे भिंग, पण पेटी तितकीच काटेकोर. श्रीमंत हौशी माणसाने रोलायफ्लेक्स घ्यावा आणि हिशेबी व्यावसायिकाने रोलायकॉर्ड, अशी ही विभागणी होती. आज जुन्या बाजारात हीच विभागणी किमतीत दिसते.

९/
यशस्वी यंत्राची नक्कल होणारच. ब्राउनश्वाइगमध्येच फोइग्टलँडरने १९३२ मध्ये ‘ब्रिलियंट’ नावाचा स्वस्त दोन भिंगी कॅमेरा काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघात त्याच धर्तीवर लेनिनग्राडला ‘ल्युबितेल’ तयार होऊ लागला. रशियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘हौशी’. बेकेलाइटची पेटी, तीन काचांचे भिंग आणि सर्वसामान्यांना परवडणारी किंमत. ज्या शहरात महागडा रोलायफ्लेक्स जन्मला, त्याच शहरातल्या दुसऱ्या कंपनीचा स्वस्त कॅमेरा सोव्हिएत विद्यार्थ्यांचा पहिला कॅमेरा ठरला. इतिहासाला असे वळसे आवडतात.

१०/
जपानमध्ये १९५० च्या दशकात दोन भिंगी कॅमेऱ्यांची लाटच आली. डझनावारी लहान कारखाने ते जुळवत होते. त्या गर्दीतून मिनोल्टा, रिको, मामिया आणि याशिका टिकले. मामियाने भिंगे बदलता येण्याची सोय दिली, जी रोलायने दिली नव्हती. याशिकाने रोलायफ्लेक्सची सोय निम्म्याहून कमी किमतीत देण्याचा ध्यास घेतला. त्यांचा ‘याशिका मॅट-१२४जी’ १९७० मध्ये आला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनत राहिला. चीनमध्ये शांघायचा ‘सीगल’ तर त्याहूनही अधिक काळ बाजारात होता. एका जर्मन कल्पनेची ही चार देशांतली चार रूपे. आज जुना कॅमेरा शोधताना हीच नावे पुन्हापुन्हा समोर येतात.

११/
आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे परदेशी कॅमेरा सहज मिळत नसे. त्यामुळे एकदा हाती आलेला कॅमेरा वीस-तीस वर्षे राबवला जाई. तो बिघडला तर टाकून न देता दुरुस्त होई. मालक थकला तर दुसऱ्या गावच्या स्टुडिओला विकला जाई. फिल्मही दुर्मीळ होती. केंद्र सरकारने १९६० मध्ये उटीजवळ ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ स्थापन केली. तिची ‘इंदू’ ही फिल्म आणि कागद अनेक स्टुडिओंनी वापरले. तो कारखाना आज बंद आहे. मात्र त्या काळाने आपल्याला एक गोष्ट दिली : कॅमेरा उघडून पुन्हा जोडू शकणाऱ्या कारागिरांची पिढी. या धाग्याचा खरा विषय तीच पिढी आहे.

१२/
होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात शिकल्या. त्यांची आरंभीची छायाचित्रे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि सत्तांतराचा काळ त्यांनी जवळून टिपला. मोठ्या आकाराचा स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स ही त्यांची प्रमुख साधने. साडी नेसलेली एकटी स्त्री, खाली मान घालून पेटीत पाहणारी. पुरुष छायाचित्रकारांच्या गर्दीत तिला कोणी फारसे मनावर घेत नसे, आणि त्याचा आपल्याला उपयोगच झाला, असे त्या स्वतः सांगत. ही अलक्षित राहण्याची सोय काही प्रमाणात तरी यंत्राच्या रचनेतही होती, असे मला वाटते.

१३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या रचनेकडे पुरावा म्हणून पाहावे. डोळ्याशी धरलेला कॅमेरा उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून पाहतो; टीएलआर पोटाच्या उंचीवरून. म्हणून त्याच्या चित्रांत उभी माणसे किंचित उंच आणि भारदस्त भासतात, तर लहान मुले आपल्या बरोबरीची दिसतात. शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांच्या लाखाहून अधिक निगेटिव्ह २००७ नंतर उजेडात आल्या. रस्त्यावरची मुले त्यांच्या चित्रांत इतकी समपातळीवर का भेटतात, याचे अर्धे उत्तर त्यांच्या दृष्टीत आहे आणि अर्धे त्यांच्या रोलायफ्लेक्सच्या उंचीत.

१४/
हे वैभव ओसरले कसे? १९५९ मध्ये निकॉनचा एफ आला आणि पस्तीस मिलिमीटरच्या एकभिंगी रिफ्लेक्स कॅमेऱ्यांनी बाजार पालटला. एका रोलवर बाराऐवजी छत्तीस चित्रे, बदलता येणारी भिंगे, आणि जे दिसते तेच फिल्मवर उतरण्याची खात्री. दोन भिंगी कॅमेऱ्यात पाहणारे भिंग घेणाऱ्या भिंगाच्या वर असल्याने जवळच्या वस्तूच्या चित्रात थोडी तफावत पडते. रोलायफ्लेक्सने काचेखाली सरकती चौकट बसवून ती बरीच सावरली होती, पण बाजाराला आता वेग हवा होता.

१५/
रोलायने १९७० च्या दशकाच्या आरंभी सिंगापूरला मोठा कारखाना काढला. १९८१ मध्ये कंपनी बुडाली. पुढे वेगवेगळ्या मालकांच्या हाताखाली ब्राउनश्वाइगमध्ये थोड्या संख्येने दोन भिंगी कॅमेरे होत राहिले : १९८७ मध्ये २.८ जीएक्स, २००१ मध्ये २.८ एफएक्स. २००९ मध्ये पुन्हा दिवाळखोरी. काही जुन्या कर्मचाऱ्यांनी नवी कंपनी उभारून २०१२ मध्ये एफएक्स-एन काढला. २०१४ मध्ये तीही दिवाळखोरीत गेली. प्रत्येक वेळी नाव शिल्लक राहिले आणि ते नाव घडवणारे हात कमी झाले. ‘नवा की जुना’ या प्रश्नाचा सांधा मला या तारखांत सापडला.

१६/
तर ‘नवा’ टीएलआर म्हणजे आज नेमके काय? मला चार प्रकार आढळले. पहिला, एफएक्ससारखा शेवटच्या काळातला जर्मन कॅमेरा; त्याची किंमत माझ्या चाळीस हजारांच्या कित्येक पट होती. दुसरा, २००८ मध्ये पुन्हा काढलेली ल्युबितेलची प्रतिकृती. प्लास्टिकची, हलकी, छंदासाठी ठीक. तिसरा, हाँगकाँगच्या मिंट या कंपनीचे झटपट छायाचित्र देणारे दोन भिंगी कॅमेरे. रूप जुने, आतला कागद आजचा. चौथा, दुकानात न विकता पडून राहिलेला सीगलसारखा माल, जो खोक्यातून ‘नवा’ म्हणून निघतो. जपानमधल्या एका विज्ञान-मासिकाने २००९ मध्ये अंकासोबत जुळवायला दिलेला छोटा दोन भिंगी संच यात धरला, तर तो पाचवा.

१७/
या नव्यांना मी हिणवत नाही. ज्याला यंत्राचे तत्त्व समजून घ्यायचे आहे, त्याने जुळवायचा संच मिळाल्यास अवश्य घ्यावा. आरसा स्वतःच्या हाताने बसवल्यावर जे कळते, ते दहा लेख वाचून कळत नाही. ज्याला समारंभात चित्र काढून तिथल्या तिथे पाहुण्याच्या हाती द्यायचे आहे, त्याला झटपट कॅमेराच योग्य. आणि ज्याच्या गावापासून शंभर किलोमीटरच्या आत कोणी दुरुस्ती करणारा नाही, त्याने हमीपत्राचा विचार करणे शहाणपणाचेच आहे. फक्त ‘न वापरलेला म्हणजे नवा’ हा समज सोडावा. शटरमधले वंगण कॅमेरा न वापरताही सुकते. तीस वर्षे खोक्यात राहिलेला कॅमेरा तीस वर्षांचा जुनाच असतो.

१८/
जुन्याकडे वळताना काय पाहावे? सर्वप्रथम शटर. ते कानांनी तपासावे. एक सेकंदाचा वेग लावून कळ दाबली, की आतल्या दातेरी चाकांची एकसुरी घरघर ऐकू आली पाहिजे. ती अडखळली किंवा लांबली, तर वंगण सुकले आहे. कमी वेग या चाकांच्या साखळीवर चालतात, म्हणून बिघाडाची पहिली चाहूल तेथेच लागते. पाचशेव्या भागाचा वेग नीट चालतो म्हणून शटर उत्तम, असा निष्कर्ष काढू नये. विक्रेता वेगवान आवाज ऐकवत असेल, तर आपण संथ आवाज ऐकण्याचा आग्रह धरावा.

१९/
त्यानंतर भिंग. कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत भिंगांना बुरशी लागते. कॅमेऱ्याची मागील झाकणी उघडून, शटर ‘बी’ या खुणेवर उघडे धरून, मागून विजेरीचा प्रकाश टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी. वरवरची असेल तर पुसली जाते. खोल गेली असेल तर ती काचेवर कायमचे व्रण ठेवते. वरच्या भिंगातली बुरशी तुलनेने क्षम्य, कारण त्यातून आपण केवळ पाहतो. खालच्या भिंगातली नाही. शेवटी आरसा : त्याची चकाकी डागाळली असेल, तर काचेवर चित्र अंधुक दिसते. आरसा मात्र बदलता येतो.

२०/
प्रकाशमापकाच्या मोहात पडू नये. जुन्या कॅमेऱ्यांतले सेलेनियमचे मापक कित्येकदा थकलेले असतात आणि याशिका मॅट-१२४जी ज्या पाऱ्याच्या बॅटरीवर चाले, ती आता मिळत नाही. मोबाइलमधले मापक या कामाला पुरते. दुसरा हिशेब फिल्मचा. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग धरून मला एका चित्राला सुमारे शंभर रुपये पडतात. म्हणजे सगळे पैसे कॅमेऱ्यावर घालवून चालत नाही. मी चाळीस हजारांचे तीन भाग केले : कॅमेरा, दुरुस्ती आणि पहिले दहा रोल. हे विभाजन मला अजूनही योग्य वाटते.

२१/
माझा कॅमेरा कराडजवळच्या एका बंद झालेल्या स्टुडिओतून आला. रोलायकॉर्ड पाच, क्रमांकावरून १९५४ ते १९५७ मधला. स्टुडिओचे मालक, वय ऐंशीच्या पुढे, दारात खुर्ची टाकून बसले होते. “काका, यानं किती लग्नं काढली असतील?” मी विचारले. ते हसले. “लग्नं कोण मोजतंय? ओळखपत्राचे फोटो धर. हा भाग धरणात गेला तेव्हा फॉर्मला फोटो लागायचे. माणसं घर सोडायच्या आधी इथं येऊन बसायची.” बोट दाखवले ते मागच्या रिकाम्या भिंतीकडे. मी विकत घेत होते तो कॅमेरा किती ‘चालू’ आहे एवढेच मी तोवर पाहिले होते. कोयनेच्या विस्थापितांची कागदपत्रे आपण अभिलेखागारात शोधतो. त्यांवर डकवलेले चेहरे अशाच एखाद्या भिंगातून गेलेले असतात.

२२/
दुरुस्तीसाठी तो पुण्यातल्या एका पेठेत नेला. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, कारागीर सत्तरीचे. त्यांनी एक सेकंदाचे शटर ऐकले आणि मान हलवली. “तेल वाळलंय. समोरचं चामडं उचलावं लागेल, त्याखाली स्क्रू आहेत. जुनं चामडं फाटलं तर नवं लावू का? चकचकीत होईल.” मी जरा थांबायला सांगितले. नव्या चामड्याने कॅमेऱ्याचा भाव वाढला असता. पण उजव्या कडेला चामडे जिथे गुळगुळीत झाले होते, तिथे कोणाचा तरी अंगठा वर्षानुवर्षे टेकला होता. “फाटलं तर तेच परत चिकटवा,” मी म्हणाले. “दिसायला वाईट दिसेल हं.” “चालेल, काका.”

२३/
समोरची पट्टी निघाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले. पट्टीच्या आतल्या बाजूस अणकुचीदार हत्याराने कोरलेल्या दोन बारीक नोंदी होत्या : एक १९६३ ची, दुसरी १९७८ ची, दोन्हींपुढे वेगवेगळी आद्याक्षरे. “आमच्या धंद्याची रीत. कोणी, कधी उघडला, ते पुढच्याला कळावं.” त्या दोन माणसांची नावे कोणत्याही ग्रंथात सापडणार नाहीत. त्यांनी हा कॅमेरा उघडला नसता, तर त्या भिंतीपुढची कित्येक माणसे छायाचित्राविना राहिली असती. काम झाल्यावर काकांनी तिसरी नोंद कोरली. “तुमच्यानंतर हे काम कोण करणार?” मी विचारले. “मुलगा आयटीत आहे,” ते म्हणाले आणि पट्टी बसवू लागले.

२४/
आता मूळ प्रश्नाचे उत्तर. दोन भिंगी कॅमेऱ्याच्या बाबतीत नवा आणि जुना हे एकाच वस्तूचे दोन नमुने नव्हेत. नवा घेतला, तर आपले पैसे एका आठवणीच्या प्रतिकृतीला जातात. त्यात गैर काही नाही. जुना घेतला आणि काचेच्या कपाटात ठेवला, तर ते एका विक्रेत्याला जातात. जुना घेतला, दुरुस्त करून घेतला आणि वापरला, तर त्यांचा एक वाटा अशा कौशल्याला जातो, जे आणखी दहा-पंधरा वर्षांत आपल्या शहरांतून नाहीसे होण्याची शक्यता आहे. कारखाने बंद पडूनही यंत्रे टिकली, कारण दुरुस्त करणारे टिकले. कारागीर गेले, की उरलेली यंत्रे फक्त शोभेच्या वस्तू होतील. म्हणून इतिहासाची आवड असणाऱ्याला माझा सल्ला तिसऱ्या मार्गाचा आहे.

२५/
त्यासोबत काही पथ्ये. दुरुस्तीत काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी फुटका स्क्रूसुद्धा, पाकिटात घालून तारखेसह जपावा. कोणाकडून घेतला, तो कोठे वापरला गेला, हे विक्रेत्याला विचारून त्याच दिवशी लिहून ठेवावे; पंधरवड्याने निम्मे विसरते. चकचकीत करण्याचा हट्ट धरू नये. दुरुस्ती करणाऱ्यापाशी तासभर बसावे, त्याची परवानगी घेऊन हातांची छायाचित्रे काढावीत. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावा. आणि महिन्यातून एकदा तरी सगळे वेग चालवून पाहावेत, रोल नसला तरी.

२६/
शेवटी, कॅमेरा घेण्याची ऐपत किंवा इच्छा नसलेल्यांसाठी एक काम. घरातले १९५० ते १९७० च्या दशकांतले आल्बम काढा. चौकोनी चित्रे शोधा. कागदावर चित्र आयताकृती कापलेले असू शकते, म्हणून निगेटिव्ह मिळाल्यास तिचा आकार पाहा. चौकोनी निगेटिव्ह साध्या बॉक्स कॅमेऱ्याचीही असते, तेव्हा आणखी एक खूण तपासा : उभ्या माणसाचे डोळे आपल्याकडे पाहताना किंचित खाली झुकले आहेत का? मागे स्टुडिओचा शिक्का आहे का? तो वाचा, गावाचे नाव टिपा, आणि तो स्टुडिओ आज कोठे आहे याची घरातल्या मोठ्यांकडे चौकशी करा. शिक्क्याचे छायाचित्र आणि गावाचे नाव या धाग्याखाली द्या. महाराष्ट्रातल्या जुन्या स्टुडिओंची एक यादी आपण मिळून तयार करू. चाळीस नावे जमली, की पुढचा धागा त्यांच्यावर लिहीन.